काम दिलं, शेजार नाही दिला

खळ शिजवायची ती सकाळी, दुकान उघडल्या उघडल्या. मैदा गुठळी न होऊ देता पाण्यात कालवायचा, मंद आचेवर सारखा हलवत राहायचा, आणि उतरवता उतरवता चिमूटभर मोरचूद टाकायचं. मोरचूद असलं की पुस्तकाला कसर लागत नाही. हे काम पूर्वी माझे वडील करायचे, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. गेली दहा वर्षं ते आमचे कारागीर, दादा, करतात. त्यांनी खळ शिजवली की पातेल्याच्या बुडाला करपलेला थर सापडत नाही.

आमचं बाइंडिंगचं दुकान शनिवार पेठेत, अप्पा बळवंत चौकापासून चालत पाच मिनिटांवर. जूनमध्ये वह्या, मार्च-एप्रिलमध्ये हिशोबाच्या चोपड्या, आणि वर्षभर विद्यार्थ्यांचे प्रबंध: मरून रेक्झिन, त्यावर सोनेरी अक्षरं, आणि प्रत्येकाला ते उद्याच हवे असतात. अधूनमधून एखाद्या ग्रंथालयाचे जुने खंड येतात. खरं काम ते. तेवढ्यासाठी मी हा धंदा सोडला नाही.

दादा आले २०१५च्या जुलैमध्ये. वडील जाऊन चार महिने झाले होते आणि जुना कारागीर गावी निघून गेला होता. दारात पंचेचाळिशीचा एक माणूस उभा राहिला. चपला बाहेर काढल्या, आत आला, आणि कामाचं काही विचारायच्या आधी म्हणाला, "ताई, पहिलं सांगून टाकतो. मागनं दुसऱ्याकडनं कळलं तर फसवल्यासारखं वाटंल तुम्हाला. मी येरवड्याला होतो. सहा वर्षं."

पुण्यात 'येरवड्याला होतो' म्हटलं की दोनच अर्थ निघतात, एक तुरुंग आणि दुसरा मनोरुग्णालय. मी विचारलं, "कशासाठी?"

"माझ्या हातनं माणूस गेला."

दहा वर्षांत त्यांनी हे वाक्य कधी बदललेलं नाही. 'चूक झाली' म्हणत नाहीत, 'अडकवलं' म्हणत नाहीत. भोर तालुक्यातलं गाव, चुलतभावाशी बांधावरून जुनं भांडण, पेरणीच्या दिवसांत एका संध्याकाळी शब्दाला शब्द वाढला आणि यांच्या हातात फावड्याचा दांडा होता. चुलतभाऊ तिसऱ्या दिवशी ससून रुग्णालयात वारला. खटला खुनाचा चालला, शिक्षा सदोष मनुष्यवधाची झाली, सात वर्षांची. माफीचे दिवस वजा होऊन सहा वर्षांनी सुटले. आत गेले तेव्हा लेक चार वर्षांची होती.

बाइंडिंग ते आतच शिकले. येरवड्याच्या भिंतीआड सुतारकाम आहे, कापड विणणं आहे, शिवण आहे, आणि कारागृहाचा छापखाना आहे. तिथे त्यांना फर्मे मोडण्यापासून, म्हणजे छापील कागदांच्या घड्या घालण्यापासून, पुठ्ठा चढवण्यापर्यंत सगळं शिकवलं गेलं. मी त्यांच्यापुढे एका वाचनालयाचा मोडकळीला आलेला खंड ठेवला आणि म्हटलं, जुजबंदी करून दाखवा.

ज्यांनी जुजबंदी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. पुस्तक म्हणजे सुट्या पानांचा गठ्ठा नसतो. आठ-आठ, सोळा-सोळा पानांच्या घड्या असतात, एकेक घडी म्हणजे एकेक जुज. प्रत्येक जुजाच्या मधल्या घडीतून मेण लावलेला दोरा घालायचा, आडव्या फितीला वळसा देऊन परत आत आणायचा, आणि टोकाशी खालच्या जुजात अडकवून घ्यायचा. दोरा जास्त ओढला तर कागद फाटतो, सैल सोडला तर पुस्तक वर्षभरात कण्यातून खिळखिळं होतं. दादांनी आधी खंड उलगडून एकेक पान चाळलं. मध्ये एक पिंपळाचं जाळीदार पान निघालं आणि कुणाचं तरी एस.टी.चं तिकीट. दोन्ही त्यांनी पाकिटात घातलं, पाकिटावर खंडाचा क्रमांक लिहिला आणि मग दाभण हातात घेतलं. आजही जुन्या पुस्तकात काही सापडलं तर ते तसंच परत जातं. गिऱ्हाइकाला त्याची किंमत नसेलही, पण ते टाकून द्यायचं आपण कोण, असं त्यांचं म्हणणं.

त्याच दिवशी मी त्यांना कामावर ठेवलं. दोन वर्षांनी दुकानाच्या किल्ल्या त्यांच्याकडे गेल्या. गल्ल्याचा हिशोब तेच मिळवतात.

इथपर्यंतची गोष्ट मी लोकांना फार कौतुकानं सांगत असे. ऐकणारेही मान डोलवायचे, "तुम्ही फार मोठं काम केलंत" म्हणायचे. पुढची गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

दादा फुरसुंगीला बहिणीच्या घरी एका खोलीत राहायचे. सकाळी पीएमटीनं यायचे, हडपसरच्या गर्दीतून (पीएमपीएमएल होऊन इतकी वर्षं झाली, तरी आमच्या तोंडी पीएमटीच). २०२२मध्ये लेकीला नर्सिंगला प्रवेश मिळाला. तिचं कॉलेज आमच्या घराच्या बाजूला, दुसऱ्या टोकाला. वहिनी म्हणाल्या, आता तरी शहरात दोन खोल्या बघू. आमच्या सोसायटीत तळमजल्यावरच्या काकू मुलाकडे बंगलोरला गेल्या होत्या, फ्लॅट रिकामा होता. मीच शब्द टाकला. काकूंनी मला फोनवर एवढंच विचारलं, "तू ओळखतेस ना?" मी हो म्हटलं. अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स ठरला, डिपॉझिट ठरलं, अंगठ्याचं मशीन घेऊन एजंट कधी येणार तो वारही ठरला.

मध्ये आला सोसायटीचा फॉर्म.

फॉर्म सोसायटीचाच होता, सरकारी नव्हे. कुणीतरी दुसऱ्या सोसायटीचा आणून झेरॉक्स काढलेला. नाव, गाव, घरातली माणसं, वाहन, आणि खाली एक रकाना: 'यापूर्वी कोणत्याही गुन्ह्यात अटक अथवा शिक्षा झाली आहे काय?' एजंट म्हणाला, नाही लिहा, कोण बघतंय. दादा फॉर्म घेऊन माझ्याकडे आले. "ताई, काय लिहू?" मी त्यांना म्हटलं, खरं ते लिहा. त्यांनी 'होय' लिहिलं, पुढे वर्ष लिहिलं, सुटकेची तारीख लिहिली. अक्षर सुरेख आहे त्यांचं.

त्या रविवारी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून कमिटी बसली. आम्ही सात जण. वाईट माणसं नाहीत ही, करोनात यांनीच एकमेकांना डबे पोचवले होते. एकजण म्हणाले, लहान मुलं खाली खेळतात. दुसरे म्हणाले, उद्या काही झालं तर जबाबदार कोण? तिसऱ्यांनी फ्लॅटच्या भावाचा विषय काढला. मी म्हटलं, "माणूस चांगला आहे, सात वर्षं माझ्याकडे आहे." त्यावर सेक्रेटरी अगदी शांतपणे म्हणाले, "दुकानात ठेवणं वेगळं हो, ताई. तुमच्या भिंतीला भिंत लागून चालेल का?"

माझ्या तोंडून 'चालेल' हा शब्द निघाला नाही.

का नाही निघाला, याचा मी तीन वर्षं विचार करते आहे. दुकानाच्या किल्ल्या त्या घडीलाही त्यांच्याच खिशात होत्या. दिवसाचे नऊ तास आम्ही दोघं, मध्ये कटिंग मशीन, त्याचं पातं हातभर लांब, अशा जागेत काम करतो आणि मला कधी क्षणभर भीती वाटलेली नाही. तरी त्या खुर्चीवर बसल्यावर मी सहा जणांच्या डोळ्यांनी बघायला लागले. दुकानात मी मालकीण होते. दिलेलं काम मी केव्हाही परत घेऊ शकत होते. शेजार दिला तर माणूस बरोबरीचा होतो. त्याच्या घरची वाटी आपल्याकडे येते, आपली त्याच्याकडे जाते, गणपतीत तो आरतीला पुढे उभा राहतो. काम देताना माझा हात वर होता, शेजार देताना तो वर राहणार नव्हता.

इतिवृत्तात लिहिलं गेलं: 'सदर भाडेकरूस सर्वानुमते नकार देण्यात आला.' खाली सात सह्या. चौथी माझी.

सोमवारी मी दादांना सांगितलं. ते एका प्रबंधाला अस्तर चिकटवत होते. हाडाच्या पट्टीनं कागदाखालची हवा काढत होते, मधून कडेकडे. ती पुरी काढली आणि म्हणाले, "बरं." थोड्या वेळानं विचारलं, "पोरीला काय सांगू?" मला उत्तर देता आलं नाही. मी सही केली होती हे त्यांना तेव्हा सांगितलं नाही. या वर्षी सांगितलं.

नंतर मी वाचायला लागले, वकिलांना विचारायला लागले. निदान आपण काय केलं ते तरी नीट कळावं. पहिली गोष्ट कळली ती ही की सोसायटीला तो अधिकारच नव्हता. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे सभासदानं फ्लॅट भाड्यानं देताना संस्थेला कळवायचं असतं, परवानगी मागायची नसते. भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायची असते, पण ती माहिती असते. अमक्याला घर देऊ नका असं पोलीस कुठे म्हणत नाहीत. म्हणजे न्यायालयानं सात वर्षं म्हटलं, तुरुंगानं माफी मोजून सोडलं, पोलिसांना हरकत नव्हती. हरकत होती ती पार्किंगमधल्या सात खुर्च्यांना.

पण आम्हाला अडवणारं तरी काय होतं? काहीच नाही. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून सरकारनं भेदभाव करायचा नाही, असं संविधानाचा पंधरावा अनुच्छेद सांगतो. शिक्षा भोगून आलेल्याचा त्या यादीत उल्लेख नाही, आणि खाजगी मालकाला किंवा घरमालकाला या कारणावरून माणूस नाकारू नकोस असं सांगणारा कायदा आपल्याकडे नाही. जे आहे ते तुकड्यातुकड्यांत. १९५८च्या अपराधी परिवीक्षा कायद्याचं बारावं कलम म्हणतं की ज्याला तुरुंगात न पाठवता परिवीक्षेवर, म्हणजे चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडलं, त्याला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू नये. ऐकायला मोठं वाटतं, पण अपात्रता गेली तरी दोषसिद्धी पुसली जात नाही, असा अर्थ न्यायालयांनी लावलेला आहे. २०१५चा बाल न्याय कायदा त्यामानानं स्वच्छ आहे. त्याचं चोविसावं कलम अल्पवयीनाच्या हातून घडलेल्या गुन्ह्याची नोंद ठरावीक काळानंतर नष्ट करायला सांगतं, काही घोर गुन्ह्यांचे अपवाद सोडून. १७व्या वर्षी जे समजतं ते ३७व्या वर्षीच्या माणसाबद्दल का समजू नये, हे मला कळत नाही.

सर्वोच्च न्यायालयाकडे हा प्रश्न पुन्हा पुन्हा गेला आहे, बहुतेक वेळा सरकारी नोकरीच्या वाटेनं. २०११मध्ये दिल्ली पोलिसांतल्या भरतीचा एक खटला होता. विशीतल्या मुलानं मारामारीचा, पुढे तडजोडीनं मिटलेला खटला अर्जात लिहिला नव्हता. त्या वयात मुलांच्या हातून असं होतं, जन्मभराचा शिक्का मारू नये, असा न्यायालयाचा सूर होता. पुढे २०१६मध्ये अवतार सिंग खटल्यात तीन न्यायमूर्तींनी सविस्तर नियम घालून दिले. किरकोळ बाब लपवली असेल तर माफ करता येईल, हे त्यातलं एक. पण त्यातलाच दुसरा नियम वाचून मी थांबले. उमेदवारानं निकाली खटल्याची माहिती खरी खरी दिली, तरी त्याचा पूर्वेतिहास विचारात घ्यायचा मालकाचा हक्क राहतो आणि त्याला नेमलंच पाहिजे अशी सक्ती करता येत नाही.

'खरं ते लिहा' असं मी दादांना कोणत्या भरवशावर सांगितलं होतं?

तुरुंगातून सुटलेला माणूस पहिल्यांदा कोणतं काम शोधतो ते बघा. शिक्षण बेताचं, वय चाळिशीचं, ओळखी तुटलेल्या. वॉचमन? खाजगी सुरक्षा एजन्सींचा २००५चा कायदा आहे, त्याच्या दहाव्या कलमात लिहिलंय की न्यायालयानं दोषी ठरवलेल्याला सुरक्षारक्षक नेमायचं नाही. गुन्हा कोणता, किती वर्षांपूर्वीचा, असं काही विचारायची सोय त्या वाक्यात नाही. रिक्षा? बॅजसाठी चारित्र्य पडताळणी. घरोघरी सामान पोचवायचं काम? तिथेही कंपन्या पोलिसांचा दाखला मागतात. हिंजवडीत आणि मगरपट्ट्यात तर सफाईच्या कंत्राटालाही बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन लागतं. गरीब माणसाला या शहरात पाय रोवायला ज्या तीन-चार पायऱ्या आहेत त्या प्रत्येकीवर तोच दाखला मागतात. दादांना माझ्या दुकानापर्यंत यायच्या आधी अकरा ठिकाणी नकार मिळाला होता. ते आकडा सांगतात, ठिकाणं सांगत नाहीत.

आणि हे झालं शिक्षा झालेल्यांचं. ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती, त्यातली ४,३४,३०२ न्यायाधीन, म्हणजे कच्चे कैदी, ज्यांचा निकाल लागलेलाच नव्हता. आकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आहेत. चारातले तीन. यातले पुष्कळ उद्या निर्दोष सुटतील. पण आमच्या फॉर्मवर 'अटक अथवा शिक्षा' असं एकाच ओळीत लिहिलेलं होतं. न्यायालयांच्या संकेतस्थळावर पक्षकाराचं नाव घालून शोधलं की खटला समोर येतो. निकाल काय लागला ते वाचायला कुणी थांबत नाही.

आता आमदार-खासदारांचं बघा. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१, आठवं कलम: दोन वर्षं किंवा अधिक शिक्षा झाली तर सदस्यत्व जातं, आणि सुटकेनंतर आणखी सहा वर्षं निवडणूक लढवता येत नाही. सहा वर्षं, त्यानंतर लढवता येते. नियम वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. मला तो आवडला, कारण त्याला शेवट आहे. कायदे करायला बसणाऱ्यासाठी आपण मुदत ठरवू शकलो, मग वह्या शिवणाऱ्याला दोन खोल्या मिळण्यासाठी का नाही? दादा सुटून तेव्हा आठ वर्षं होत आली होती.

ब्रिटननं १९७४मध्ये त्यासाठी कायदा केला. शिक्षा संपल्यावर ठरावीक वर्षं नीट गेली की ती 'सरली' असं धरायचं आणि बहुतेक नोकऱ्यांत ती सांगायची गरज उरत नाही. २०२३च्या ऑक्टोबरपासून इंग्लंड आणि वेल्समध्ये एक वर्षाहून जास्त आणि चार वर्षांपर्यंतच्या कैदेला ही मुदत सुटकेपासून न धरता शिक्षेचा काळ संपल्यापासून चार वर्षं आहे, त्याहून मोठ्या कैदेला सात. लहान मुलांबरोबरची, रुग्णांबरोबरची कामं वेगळी काढली आहेत, आणि गंभीर हिंसक गुन्ह्यांची मोठी शिक्षा कधीच सरत नाही. म्हणजे दादांना तिथेही बहुधा याचा फायदा झाला नसता. न्यूयॉर्क शहरात घराबद्दलचा कायदा १ जानेवारी २०२५पासून लागू झाला. घरमालकानं आधी बाकी सगळं बघून होकार द्यायचा, मगच हवं तर नोंद तपासायची, आणि तीही गंभीर गुन्ह्याची मागच्या पाच वर्षांतलीच, किरकोळ गुन्ह्याची तीन वर्षांतलीच. त्यातही लैंगिक गुन्ह्यांसारखे अपवाद आहेत. मला त्यातला क्रम फार महत्त्वाचा वाटला. आधी माणूस बघायचा, कागद नंतर. दादा माझ्या दारात उभे राहिले आणि स्वतःच्या तोंडानं बोलले, म्हणून मला तो क्रम मिळाला. कमिटीला आधी रकाना दिसला.

रकाना काय करतो याचा हिशोब कुणी मांडला नाही असं नाही. डेव्हा पेजर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात सारख्याच पात्रतेचे तरुण नोकऱ्या मागायला पाठवले. काहींनी शिक्षा झाल्याचं सांगायचं, काहींनी नाही. २००३मध्ये निष्कर्ष छापून आले. शिक्षा नसलेल्या गोऱ्या उमेदवारांना १०० पैकी ३४ ठिकाणांहून परत बोलावणं आलं, शिक्षा सांगणाऱ्या गोऱ्यांना १७. काळ्या उमेदवारांत शिक्षा नसलेल्यांना १४ आणि असलेल्यांना ५. यातला चौदाचा आकडा सतरापेक्षा लहान आहे. ज्यानं काहीच केलेलं नाही असा काळा माणूस शिक्षा भोगलेल्या गोऱ्या माणसाच्याही मागे.

महाराष्ट्रात राहणाऱ्याला हे वाचून आपल्या इथलं आठवल्याशिवाय राहत नाही. येरवड्याचा तुरुंग १८७१चा. गुन्हेगार जमातींचा कायदाही १८७१चाच, ज्यानं जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. तो १९५२च्या ३१ ऑगस्टला गेला, म्हणून त्या तारखेला विमुक्त दिन. पण पारध्याच्या पोराला आजही शेजारी चोरी झाली की आधी ठाण्यात नेतात, हे पुणे जिल्ह्यात कुणाला नवीन नाही. त्या पोराच्या नावावर नोंद नसते, नोंद आडनावावर असते. अमेरिकेत काही ठिकाणी अर्जातला गुन्ह्याचा रकाना काढून टाकला तेव्हा काही मालक उमेदवाराच्या रंगावरून अंदाज बांधू लागले, असंही एका अभ्यासात दिसलं. आपल्याकडे रकाना काढला तर लोक आडनावावरून आणि वस्तीवरून बांधतील, ही भीती मला खरी वाटते. म्हणून नुसता रकाना पुसून भागणार नाही, नकाराचं कारण लेखी द्यायला लावलं पाहिजे. आमच्या इतिवृत्तात कारण नव्हतं. 'सर्वानुमते' एवढंच होतं.

आमच्या कमिटीची भीती मी खोटी म्हणत नाही. मुलांवर अत्याचार केलेल्याला शाळेत शिपाई ठेवू नये, अपहार केलेल्याला पतपेढीच्या गल्ल्यावर बसवू नये. गुन्ह्याचा आणि त्या कामाचा संबंध असेल तर तो बघावाच. पण बांधावरच्या भांडणाचा आणि तळमजल्यावरच्या दोन खोल्यांचा संबंध काय, हे आमच्यापैकी कुणी विचारलंही नाही. जिचा नवरा गेला ती बाई अजून गावात आहे. तिनं दादांचं तोंड बघू नये, जन्मभर बघू नये, तो तिचा हक्क आहे आणि दादा तो मानतात, गावाकडे फिरकत नाहीत. तिच्या वतीनं रागवायचं मुखत्यारपत्र आमच्या सोसायटीला कुणी दिलं होतं?

अजून एक. दादा गुणी आहेत, कामात चोख आहेत, हे मी वर इतकं लिहिलं त्याचीच आता मला धास्ती वाटते. ते गुणी आहेत म्हणून त्यांना घर मिळावं, असं माझं म्हणणं नाही. त्यांची खळ करपत असती, दोरा सैल पडत असता, तरी शिक्षा पुरी करून आलेल्या माणसाला पाठ टेकायला छप्पर लागतंच. आपण मात्र सुटून आलेल्याकडून संतपणाचा दाखला मागतो, आणि स्वतःकडून साधा शेजारधर्म मागत नाही.

लेकीचं शिक्षण त्या वर्षी थांबलं नाही. ती वसतिगृहात राहिली, वहिनी फुरसुंगीलाच. म्हणजे ज्या तीन माणसांना सहा वर्षांनंतर एका छपराखाली राहायचं होतं ती आणखी तीन वर्षं दोन ठिकाणी राहिली. यंदा ती पास झाली. एका रुग्णालयात मुलाखत आहे, त्यासाठी चारित्र्य पडताळणीचा अर्ज भरायचा होता, तो तिनं आमच्या दुकानातल्या संगणकावर भरला. भरताना एकदा थांबून तिनं मला विचारलं, "आत्या, यात वडिलांचं काही विचारतात का?" मी म्हटलं, नाही, फक्त तुझं. तिनं सगळा फॉर्म पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. मगच बटण दाबलं.

त्या संध्याकाळी मी दादांना सहीचं सांगितलं. ते दुकान बंद करत होते. शटर अर्ध्यावर धरून ऐकलं. मग म्हणाले, "मला माहीत होतं, ताई. कमिटीत तुम्ही होता ना." एवढंच. हे सगळं लिहू का, असं विचारलं तेव्हा म्हणाले, "लिहा. नाव नका घालू. माझं नको आणि जो गेला त्याचंही नको."

काकूंचा फ्लॅट या महिन्यात पुन्हा रिकामा झालाय. काकू म्हणतात, तू म्हणशील त्याला देते. सप्टेंबरअखेर वार्षिक सभा आहे. मी दोन विषय लेखी दिले आहेत. भाडेकरूच्या फॉर्ममधला तो रकाना काढून टाकावा, हा एक. दुसरा, २०२२च्या इतिवृत्तातल्या 'सर्वानुमते' या शब्दाला माझी हरकत नोंदवावी. सेक्रेटरींनी फोन करून विचारलं, तीन वर्षांनी हे कशाला? मी म्हटलं, त्या दिवशी तुम्ही मला एक प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर द्यायचं राहिलंय.

सभा रविवारी, सकाळी दहाला, पार्किंगमध्येच आहे.